मागच्या दिव्यातलं पाणी

उत्तमरावांनी नोकरीभर पाण्याचे चोर धरले. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ते कालवा निरीक्षक होते. कालव्याला पाणी सुटलं की त्यांचं काम सुरू व्हायचं. कुणी भरावाखालून पाइप घातलाय, कुणी पाळी नसताना मोटार टाकलीय, कुणी कालव्याच्या दाराची फळी उचलून ठेवलीय, ते हुडकत फिरायचं. त्यासाठी त्यांची स्वतःची एक तऱ्हा होती. पाण्यावर मूठभर कोंडा टाकायचा आणि त्याच्या सोबतीनं काठाकाठानं चालत राहायचं. जिथं कोंडा गरगर फिरून खाली ओढला जाईल तिथं पाण्याखाली पाइप आहे असं समजायचं. बहुतेक वेळा पाइप निघायचाच.

अडचण झाली ती तिथंच. संशय वरचेवर खरा निघत गेला की माणसाला त्याची चटक लागते. उत्तमराव निवृत्त झाले, कालवा सुटला, संशय सुटला नाही. दूधवाला आला की दुधाचा थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते बघायचे. गॅसची टाकी आली की हलवून बघायचे. बायकोनं, कमलबाईंनी, शेजारणीला वाटीभर साखर दिली तर संध्याकाळी डबा उचलताना त्यांना न सांगता कळायचं. घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "कोण आलं व्हतं?" कमलबाई पाण्याचा तांब्या पुढे ठेवायच्या आणि कोण आलं होतं, कशाला आलं होतं, किती वेळ बसलं, हे सगळं सांगायच्या. सांगताना त्यांच्या आवाजात ना राग असायचा ना काही. हजेरी द्यावी तशा त्या सांगायच्या.

निवृत्तीनंतर उत्तमरावांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. घेताना बॉनेटखाली वाकून बघितलं, सीटखाली हात घातला, पायाखालचा गालिचा उचलून गंज तपासला. विकणारा बिचारा घामाघूम झाला. मागच्या दिव्यांकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही. लागत होते म्हणजे चांगले, असं धरून ते गाडी घेऊन घरी आले.

त्या पावसाळ्यात उजव्या बाजूच्या मागच्या दिव्यात पाणी दिसलं. लाल काचेच्या आत, तळाला, बोटभर. गाडी वळली की ते पाणीही एका बाजूला जायचं. मग एक दिवस मागून येणारा मोटारसायकलवाला त्यांच्या गाडीवर आदळता आदळता राहिला, आणि शिव्या देत सांगून गेला की ब्रेकचा दिवा लागत नाही.

औंढ्याच्या रस्त्याला फाट्यावर जगनचं गॅरेज होतं. जगन जवळच्या तांड्यावरचा, पस्तिशीचा, मोजकं बोलणारा. त्यानं दिवा खोलला, पाणी ओतून टाकलं, होल्डरमधली हिरवी पडलेली पट्टी घासली, नवा बल्ब बसवला आणि काचेच्या खालच्या कडेनं सिलिकॉन भरलं.

"गाडी दोन दिवस इथंच राहू द्या साहेब. सिलिकॉन वाळलं पायजे. घाई केली तर परत गळंल."

उत्तमरावांना ते आवडलं नाही. गाडी ठेवायची म्हणजे किल्लीही ठेवायची. त्यात जगन हा मोहनसिंगचा मुलगा. जगन शाळेत जात होता तेव्हाची गोष्ट, उत्तमरावांनी मोहनसिंगच्या शेताजवळ कालव्याच्या भरावाखालून गेलेला पाइप उकरून काढला होता. पंचनामा केला होता, दंड लावला होता. ते सगळं जगननं बघितलेलं होतं. पण फाट्यावर दुसरं गॅरेज नव्हतं. दोन दिवसांनी गाडी आली, दिवा कोरडा होता, आणि पावसाळा संपेपर्यंत कोरडाच राहिला.

दिवाळी झाली. पाऊस जाऊन बरेच दिवस लोटले, हळदीची पानं पिवळी पडायला लागली. एका सकाळी उत्तमराव पत्र्याच्या शेडमध्ये गाडी पुसत होते. मागे आले आणि फडका हातातच राहिला. दिव्यात पाणी होतं.

ते खाली बसले. आभाळाकडे बघून उपयोग नव्हता, तिथं ढगाचा पत्ता नव्हता. शेडचा पत्रा बघितला, तो धड होता. मग त्यांनी दिव्याच्या खालून हात फिरवला, तर तळाला एक बारीक, गाळानं अर्धं भरलेलं भोक लागलं. त्यांना वाटलं, सापडलं. हे भोक जगननं मुद्दाम उघडं ठेवलं असणार, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. त्यांनी दुकानातून भेगा बुजवायची लांबी आणली आणि भोक गच्च बुजवून टाकलं.

पुढच्या आठवड्यात पाणी नव्हतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त होतं.

आता त्यांनी पेचकस घेऊन दिवा स्वतः काढला. बल्ब बाजूला केला, आतलं पाणी स्टीलच्या वाटीत ओतलं आणि वाटी ओट्यावर ठेवून तिच्यासमोर बसले. पाणी निवळलं. तळाला मऊ गाळ बसला, आणि त्या गाळात हिरव्या शेवाळाचे एकदोन धागे होते. घरच्या बोअरचं पाणी खारट, वाळलं की भांड्यावर पांढरा थर धरणारं. हे ते नव्हतं. त्यांनी वाटी नाकाशी नेली. त्या वासात त्यांची सगळी नोकरी सरली होती.

कमलबाई उंबऱ्यात मेथी निवडत होत्या. "काय बघून राहिले त्या वाटीत?"

"कालव्याचं पाणी हाये हे."

"मग?"

"गाडी कालव्यावर गेली व्हती."

"तुमीच नेली असंन."

"मी न्हाई नेली."

"मग ती काय आपल्या पायानं गेली?" असं म्हणून कमलबाई मेथीची जुडी घेऊन आत गेल्या.

त्या दिवसापासून उत्तमरावांना झोपेत चैन पडेना आणि जागेपणी तर मुळीच नाही. गाडी किती चालली याचा आकडा त्यांच्या डोक्यात पक्का होता, आणि गाडीतला आकडा त्याच्या पुढे गेलेला होता. लांबचा प्रवास नव्हे, थोडं थोडं. म्हणजे कुणीतरी गाडी नेत होतं आणि जागेवर आणून लावत होतं.

कधी नेत होतं, तेही त्यांनी काढलं. शेतातल्या मोटारीला विजेची लाईन एक आठवडा दिवसाची मिळायची आणि एक आठवडा रात्रीची. दिवसाची लाईन असली की ते सकाळी मोटारसायकलवर शेतात जायचे आणि गव्हाला पाणी देऊन दुपार कलल्यावर यायचे. रात्रीची असली की दिवसभर घरी. दिव्यात पाणी यायचं ते दिवसाच्या लाईनच्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात दिवा कोरडा. म्हणजे नेणाऱ्याला त्यांचं येणं-जाणं बरोबर ठाऊक होतं.

ते रस्त्यानं जाताना लोकांच्या चेहऱ्याकडे बघू लागले. हा आपल्याला आज रामराम करताना हसला का? तो आपल्याला बघून आत का गेला? घर गावाच्या अगदी कडेला, पुढे शेतं आणि शेतांपलीकडे कालव्याचा भराव, त्यामुळे कोण येतं जातं हे गावातून दिसण्यासारखं नव्हतं. कमलबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी घरात असते. शेडकडं काय बघत बसू?"

मग संतराम भेटला. संतरामची शेळ्या-मेंढरं कालव्याच्या काठानं चरायची. त्यानं स्वतःहूनच विषय काढला.

"साहेब, तुमची गाडी दिसली की त्या दिवशी कालव्याच्या रस्त्याला. म्हणलं, साहेबाला जुन्या कालव्याची याद आली."

उत्तमराव जागीच थांबले. "कोण चालवत व्हतं?"

"काचेवर ऊन पडलं व्हतं, दिसलं न्हाई. पण लई हळू चालली व्हती. मधीच थांबायची, परत चालायची."

"थांबायची?"

"व्हय. काही हुडकत असल्यासारखी."

हळू चालणारी, मधेच थांबणारी गाडी. उत्तमरावांनी त्याचा अर्थ लावला. कालव्यावर रात्री पाइप टाकणारी माणसं दिवसा अशीच जागा बघून जायची. आणि किल्ली? किल्ली त्यांच्याकडे देवघरातल्या खिळ्याला होती. दुसरी कपाटात, कमलबाईंच्या बांगड्यांच्या डब्यात. पण दोन दिवस किल्ली दुसऱ्याच्या हातात होती. दोन दिवसांत हिंगोलीला जाऊन तशीच किल्ली करून आणता येते.

ते तसेच फाट्यावर गेले. गॅरेजसमोर गिऱ्हाईकं होती, दोघंतिघं चहा पीत उभी होती. बाजूच्या बाजेवर म्हातारा मोहनसिंग बसला होता. जगनची बायको दिपा तिच्या छोटा हत्ती टेम्पोच्या चाकात हवा भरत होती. ती तांड्यावरचा भाजीपाला औंढ्याच्या बाजारात न्यायची आणि गाडी स्वतः चालवायची.

"जगन," उत्तमराव म्हणाले, "माझ्या गाडीची आणखी एक किल्ली तुझ्याजवळ हाये का?"

जगन एका जीपखाली होता. तो बाहेर आला, हात पुसले. "न्हाई साहेब."

"मग माझ्या माघारी गाडी कालव्यावर कोण नेऊन राहिलं?"

जगननं दिपाकडे बघितलं. दिपानं हवेची नळी काढली आणि मान खाली घातली. ते बघणं निमिषभराचं होतं, पण उत्तमरावांच्या नजरेतून असलं काही सुटायचं नाही.

"तिच्याकडं काहून पाहिलं?"

"साहेब, मी तुमची गाडी नेली न्हाई. त्याच्या पुढचं मला इचारू नका."

"इचारू नको म्हणजे तुला माहीत हाये."

उत्तमरावांना आणखी पुरावा नको होता. त्यांचा आवाज चढला. "बापानं कालवा फोडला, आता लेक गाड्या फिरवायला लागला. सवय कुठं जाती व्हय?"

चहा पिणाऱ्यांनी पेल्यात बघायला सुरुवात केली. जगनचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. तो फक्त इतकंच म्हणाला, "तुमच्या गाडीला आजपासून मी हात लावणार न्हाई. दुसरीकडं दाखवा."

मोहनसिंग बाजेवरून सावकाश उठला आणि काठी टेकत पुढे आला.

"साहेब, माझी मिरची वाळून चालली व्हती आन माझी पाळी लांब व्हती. मी पाणी घेतलं. तुमी मला बराबर धरलं, दंड केला, मी भरला. मी कवा न्हाई म्हणलो? पण ह्या पोरानं तुमचं काय घेतलं ते आधी डोळ्यानं बघा. मग त्याला बोला."

उत्तमराव घरी आले, पण म्हाताऱ्याचं बोलणं त्यांच्या पाठीमागे लागलं. इतक्या वर्षांत पकडलेल्यांपैकी दुसऱ्या कुणीही असं सरळ कबूल केलेलं नव्हतं. बाकी सगळे म्हणायचे, पाइप माझा नाही, कुणी टाकला माहीत नाही. त्यांनी ठरवलं, डोळ्यानं बघायचं.

दिवसाच्या लाईनचा आठवडा लागला. सकाळी नेहमीसारखे निघाले. शेतात मोटार चालू केली, पाणी एका वाफ्यात सोडलं, मोटारसायकल संतरामच्या गोठ्याआड लावली आणि आडवाटेनं चालत कालव्याच्या जुन्या पुलाखाली जाऊन बसले. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, काठोकाठ भरून वाहत होतं. अशा पुलांखाली ते पूर्वी कितीदा बसले होते.

ऊन चढल्यावर भरावाच्या मुरमाड रस्त्यानं गाडी आली. त्यांचीच. हळू, आचके देत. पुलाच्या अलीकडे एकदम बंद पडली. पुन्हा चालू झाली, पुन्हा आचका, मग सुरळीत झाली आणि त्यांच्यापासून चार हातांवरून पुढे गेली.

चालवणाऱ्या कमलबाई होत्या. पदर खोचलेला, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर घट्ट, मान पुढे काढलेली. शेजारी दिपा.

उत्तमराव उठून उभे राहिले नाहीत. गाडी पुढे गेली, थांबली आणि मागे यायला लागली. दिपा खिडकीतून डोकं काढून मागे बघत होती. "काकू, डावीकडं, डावीकडं. बस. आता सोडा." गाडी कालव्याच्या बाजूला झुकते की काय म्हणून उत्तमरावांनी हाताखालचा दगड घट्ट धरला, पण ती सरळ आली. दोघी हसल्या. कमलबाईंचं असं मोकळं हसणं त्यांनी घरात ऐकलं नव्हतं, निदान त्यांना आठवत नव्हतं.

मग दोघी उतरल्या. गाडी मुरमाच्या धुळीनं माखली होती. दिपानं बादलीला दोर बांधून कालव्यातून पाणी काढलं आणि कमलबाईंनी ते गाडीच्या मागच्या बाजूला वरून फेकलं. कालव्यात गाड्या धुणाऱ्यांना उत्तमरावांनी जन्मभर हाकलून लावलं होतं. आज ते पुलाखाली बसून राहिले, आणि दोघी गेल्यावरही बराच वेळ तिथंच होते. शेतात आले तेव्हा एकाच वाफ्यात पाणी तुंबून बांधावरून वाहत होतं.

संशय मिटायला हवा होता. तो मिटला नाही, त्यानं फक्त कूस बदलली. त्यांनी जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला होता. कमलबाईंवरही घेतला होता, पण तो साखरेचा, दुधाचा. ही बाई साधी सायकल चालवत नाही, ती गाडी नेईल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आता ते जेवताना तिच्या हाताकडे बघायचे. ती डोंगरकडा गावातल्या बहिणीशी, जनकाबाईशी, फोनवर बोलायला लागली की टीव्हीचा आवाज बारीक करायचे. हिला कुठं जायचंय? कुणाकडे? एकटीनंच का? एकदा ती अंघोळीला गेल्यावर त्यांनी कपाट उघडून बांगड्यांचा डबा बघितला. किल्ली बांगड्यांच्या वर होती, खाली नव्हे.

चार-पाच दिवस असेच गेले. एका संध्याकाळी कमलबाई भाकरी करत होत्या आणि ते स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसले होते.

"गाडी चालवायला कवापासून शिकून राहिली?"

कमलबाईंचा हात तव्यावर थांबला. त्यांनी आधी भाकरी उलटली, मग विचारलं, "तुमी कवा पाहिलं?"

"लाईन दिवसाची व्हती तवा. पुलाखाली बसलो व्हतो."

"पुलाखाली बसले व्हते. माझ्यावर नजर ठेवून."

"तुझ्यावर न्हाई. मला वाटलं, जगन नेत असंल."

"जगन? जगनचं मधी काय काम?"

उत्तमराव घुटमळले. मग फाट्यावर काय झालं ते त्यांनी सांगितलं. सगळं सांगायचा त्यांचा विचार नव्हता, पण कमलबाई एकेक प्रश्न विचारत गेल्या आणि त्यांना सांगावं लागलं. बापाला काय म्हणाले, तेही. कमलबाईंनी गॅस बंद केला. अर्धी भाकरी तशीच तव्यावर राहिली.

"त्या माणसाला ठाव व्हतं. दिपानं त्याला सांगितलं व्हतं. मीच म्हणलं व्हतं, साहेबाला कळू देऊ नका. तो तुमच्या शिव्या खाऊन गप राहिला, माझं नाव घेतलं न्हाई. आन तुमी चार लोकांत त्याचा बाप काढला."

"तू मला काहून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी इचारलं असतं, काहून शिकायची. कुठं जायचं. कोणासंग जायचं. परत कवा यायचं." कमलबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "रोज जबाब देते मी तुमाला. दुधाचा देते, साखरेचा देते. मला एक गोष्ट अशी पायजे व्हती जिचा जबाब द्यायचा न्हाई."

उत्तमरावांनी जमिनीकडे बघतच विचारलं, "आणखी काही हाये का लपवलेलं?"

कमलबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. रागानं नव्हे, थकलेल्या माणसासारखं. "तुमाला इतकंच सुचलं?" मग त्यांनी गॅस पेटवला. "आन खरं सांगू का, मला लई मजा येते चालवताना. दुसरं काई कारण न्हाई. तुमाला पटो का न पटो."

उत्तमरावांना ते पटलं नाही. इतक्या लपवालपवीमागे फक्त मजा असेल हे त्यांच्या मनाला खरं वाटेना. पण फाट्यावरचं ओझं दुसरंच होतं, आणि ते कुणी न सांगताही त्यांच्या छातीवर बसलं होतं.

"उद्या फाट्यावर जाऊ," कमलबाई म्हणाल्या. "मी चालवते."

सकाळी त्या गाडीत बसल्या. उत्तमराव डाव्या बाजूला. गावातून जाताना पारावरची माणसं बघत राहिली. उत्तमरावांनी खिडकीची काच वर केली, मग गुदमरायला लागलं म्हणून खाली केली. कमलबाईंनी गाडी फाट्यावर थांबवली, जरा तिरकी. गॅरेजसमोर त्या दिवशीचे एकदोन जण होते. मोहनसिंग बाजेवर होता.

उत्तमराव उतरले. आयुष्यात त्यांनी पुष्कळ पंचनामे वाचून दाखवले होते, पण हे कागदाशिवाय बोलायचं होतं.

"जगन, मी त्या दिवशी बोललो ते चुकलं. किल्ली तुझ्याजवळ नव्हती. गाडी हिनं नेली व्हती." थांबून त्यांनी मोहनसिंगकडे बघितलं. "तुमालाबी बोललो. बोलायला नको व्हतं."

मोहनसिंगनं बाजेवर सरकून जागा केली. उत्तमराव बसले नाहीत, उभेच राहिले.

"काकू, गाडी लिंबाखाली घ्या," जगन म्हणाला. कमलबाईंनी ती मागे घेऊन सावलीत लावली. मग जगन उत्तमरावांकडे वळला. "काम करतो मी साहेब. पण तुमी इथंच उभं राहायचं आन डोळ्यानं बघायचं. घरी जाऊन परत मनात काही आलं, असं नको."

त्यानं दिवा काढला. बल्बची भोकं चिकटपट्टीनं बंद केली, एका भोकातून बारीक नळी आत घातली आणि पंक्चर काढायच्या टबात दिवा बुडवून नळीतून फुंकलं. बुडबुडे खालून येतील असं उत्तमरावांना वाटलं होतं. ते वरच्या कोपऱ्यातून आले, एकामागून एक, बारीक. जगननं तिथं नख फिरवलं. काच आणि मागचा प्लास्टिकचा भाग जिथं चिकटवलेला असतो तिथं केसासारखी चीर होती. गाडीला बसवल्यावर ती पत्र्याच्या आड जायची, म्हणून मागच्या वेळी दिसली नव्हती.

"पावसात एवढं पाणी शिरत नसंल," जगन म्हणाला, "कारण धार तिरपी येते. पण वरून बादली मारली की सरळ ह्याच्यात."

"बादली मीच मारायची," कमलबाई म्हणाल्या.

उत्तमरावांनी दिवा हातात घेऊन उलटा केला. तळाच्या भोकात लांबी घट्ट बसली होती. तिच्याकडे ते बघत राहिले.

"हे मी बुजवलं. मला वाटलं, इथूनच पाणी येतं." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हा सांडवा असंल. जास्तीचं पाणी निघून जायला. कालव्याला ठेवतात तसा."

"तसंच. आतली वाफबी तिथूनच निघते." जगननं सुई आणून त्यांच्या हातात दिली. उत्तमरावांनी भोक स्वतःच कोरून मोकळं केलं.

दिवा उन्हात ठेवला. आतला ओलावा जायला दुपार झाली. तोवर दिपानं चहा केला. तिनं कमलबाईंच्या हातात पेला दिला, सासऱ्याच्या हातात दिला. उत्तमरावांचा पेला मात्र स्टुलावर ठेवून ती आत गेली. त्यांनी तो उचलून प्यायला. जगननं चिरेवर सिलिकॉन भरलं, दिव्यामागचं कडक झालेलं रबर टाकून नवं लावलं. वाळल्यावर तळाच्या भोकावर बोट धरून पुन्हा टबात बुडवून फुंकलं. बुडबुडा आला नाही. बोट काढलं, दिवा बसवला आणि कमलबाईंना ब्रेकवर पाय द्यायला सांगितलं. दिवा लागला.

त्यानंतर दिव्यात पाणी आलं नाही. पुढच्या पावसाळ्यातही दिवा कोरडा राहिला. जगननं उत्तमरावांची गाडी पुन्हा हातात घेतली, पण ते समोर उभे असले तरच. दिपा त्यांच्याशी बोलायला बरेच महिने गेले, आणि बोलली तेही कामापुरतं. मोहनसिंग मात्र ते दिसले की बाजेवर सरकायचा. पुढे पुढे ते बसायलाही लागले. दोघं पाण्याबद्दलच बोलायचे, यंदा धरणात किती आहे, पाळी कधी सुटणार.

घरात दूध अजूनही नखावर पडायचं. कोण आलं होतं हेही विचारलं जायचं. पण कमलबाई आता कधी सांगायच्या, कधी नुसतंच "आलं व्हतं कुणीतरी" म्हणायच्या, आणि उत्तमरावांना तेवढ्यावर भागवावं लागायचं.

कमलबाईंनी हिंगोलीला जाऊन परवाना काढला. पक्का परवाना हातात आला त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, जनकाकडे डोंगरकड्याला जाऊन येते, एकटी. उत्तमरावांनी रस्ता सांगितला. कमलबाईंना रस्ता माहीत होता, तरी त्यांनी ऐकून घेतला. गाडी वळणाआड गेली तसे ते मोटारसायकल काढून शेतात गेले. मोटार चालू केली. दुपारी लाईन गेली ती आलीच नाही, म्हणून लवकर घरी परतले. शेड रिकामी होती. जनकाबाईचा नंबर त्यांनी काढला आणि न लावताच फोन खिशात ठेवला. मग खुर्ची शेडच्या सावलीत ओढली आणि पेपर घेऊन बसले. पेपर पहिल्याच पानावर राहिला.

ऊन उतरलं तेव्हा गाडी आली. कमलबाईंनी ती शेडमध्ये घातली, एका खांबाच्या फार जवळ. उत्तमरावांनी उठून खांब आणि गाडी यांच्यातलं अंतर बघितलं आणि काही न बोलता मागचं दार उघडलं. सीटवर केळीचा घड होता, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला.

"जनकानं दिला," कमलबाई उतरता उतरता म्हणाल्या. "रस्त्यात एका जागी खडी टाकलीया, तिथं जरा भ्याले. बाकी काई न्हाई."

"खडी कुठं, आखाडा गावाच्या पुढं?"

"त्याच्या अलीकडं."

उत्तमरावांनी घड उचलून खांद्यावर घेतला. तो त्यांना वाटला होता त्यापेक्षा जड होता.